तारा, लाळ आणि आजीचा प्रश्न

आपल्या शनिवारच्या वर्गाच्या मोठ्या गटात सध्या अकरा विद्यार्थी आहेत आणि त्यांपैकी पाच जणांच्या दातांना तारा आहेत. त्या पाचांतल्या आम्ही तिघी हा लेख मिळून लिहीत आहोत. आमच्यापैकी दोघींचे फक्त दात वेडेवाकडे होते. तिसरीचा वरचा जबडा अरुंद होता, म्हणून तिच्या टाळूला आधी एक स्क्रूचे उपकरण बसवले होते. ते रोज रात्री आईने छोट्या किल्लीने थोडे फिरवायचे. त्या काळात तिला ट, ठ, ड, ढ, ण आणि ळ ही अक्षरे नीट म्हणता येत नसत, कारण ती म्हणताना जीभ टाळूला लागते आणि तिथे तर लोखंड! "बाळाला कळले" हे वाक्य तिने म्हटले की सगळा वर्ग हसायचा. असो. तो विषय आज नाही.

आजचा विषय आमच्यापैकी एकीच्या आजीने दिला. आजी कऱ्हाडजवळच्या गावी राहते. दर रविवारी आपल्याकडे सकाळ असते तेव्हा तिचा फोन येतो. फेब्रुवारीतल्या एका रविवारी ती म्हणाली, "अगं, त्या तारांतून निकेल का काय ते सुटतं म्हणे, आणि तोंडातल्या पेशी बिघडतात. शेजारच्या सूनबाईनं वाचून दाखवलं. तुम्ही पोरी त्या तारा काढून टाका बघू. दात वाकडे असले तरी माणूस जगतं."

आजी उगीच घाबरणारी नाही. पण तिचे थोरले भाऊ गालाच्या कॅन्सरने गेले. त्यांनी चाळीस वर्षे तंबाखू आणि चुना मळून गालात धरला होता. शेवटचे काही महिने त्यांना पेजही गिळता येत नव्हती आणि त्यांची सेवा आजीनेच केली. त्यामुळे "तोंडातल्या पेशी" हे शब्द ऐकले की तिला भाऊच आठवतो. तिला "काही होत नाही गं" असे म्हणून गप्प बसवणे आम्हाला बरे वाटले नाही. म्हणून आम्ही ठरवले की नीट माहिती काढायची आणि आजीला तिच्याच भाषेत सांगायची. मराठीचा अभ्यासही आपोआप झाला.

प्रथम लाळेबद्दल. आपल्या तोंडात रोज साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. कानांपुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली अशा मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आहेत, शिवाय ओठ, गाल आणि टाळू यांत शेकडो बारीक ग्रंथी आहेत. लाळेत ९९ टक्के पाणीच असते. उरलेल्या एका टक्क्यात क्षार, प्रथिने आणि पाचक रस असतात. पण ग्रंथीतून निघालेली लाळ आणि तोंडातली लाळ यांत फरक आहे. तोंडात आल्यावर तिच्यात पेशी मिसळतात. एक म्हणजे गालाच्या आतल्या कातडीच्या गळून पडलेल्या चपट्या पेशी. दुसऱ्या म्हणजे हिरडी आणि दात यांच्या फटीतून येणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी. आणि तिसरे म्हणजे असंख्य जंतू.

गालाच्या आतल्या कातडीत पेशींचे चाळीस-पन्नास थर एकावर एक असतात. नवीन पेशी सर्वांत खालच्या थरात जन्मतात, हळूहळू वर सरकतात, चपट्या होतात आणि शेवटी गळून लाळेत पडतात. या प्रवासाला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. म्हणजे आज लाळेत सापडलेली पेशी ही दोन आठवड्यांपूर्वी खाली काय घडले त्याची बातमी घेऊन येते. जुन्या भिंतीचा पोपडा निघाला की त्यावर मागच्या दिवाळीचा रंग दिसतो, तसेच हे आहे.

आमच्या शाळेतल्या जीवशास्त्राच्या बाईंनी आम्हाला त्या पेशी दाखवल्या. प्रत्येकीने कापसाची काडी आपापल्या गालाच्या आतून फिरवली, काचेवर पुसली, त्यावर मेथिलीन ब्लूचा एक थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. फिकट निळ्या, कडा दुमडलेल्या, एखाद्या चुरगळलेल्या कागदासारख्या पेशी दिसल्या. एका मिलिमीटरच्या ओळीत अशा पंधरा-वीस मावतील. प्रत्येकीच्या मध्यभागी एक गडद निळा ठिपका होता. तो ठिपका म्हणजे केंद्रक. त्यात आपली ४६ गुणसूत्रे असतात, निम्मी आईची आणि निम्मी बाबांची. काही पेशींवर मोहरी सांडल्यासारखे जंतू चिकटलेले होते. काड्या वापरून झाल्यावर बाईंनी आमच्या हातानेच जंतुनाशकात टाकायला लावल्या.

आता तारांबद्दल. दातांवर चिकटवलेले छोटे चौकोन, म्हणजे ब्रॅकेट, बहुधा स्टेनलेस स्टीलचे असतात. स्टेनलेस स्टीलशी आपल्या देशाचा, म्हणजे इंग्लंडचा, जवळचा संबंध आहे. शेफील्ड इथे हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली पोलादात क्रोमियम मिसळून न गंजणारे पोलाद बनवले. ब्रॅकेटच्या पोलादात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. क्रोमियममुळे त्यावर एक अतिशय पातळ थर तयार होतो आणि तो आतल्या धातूला जपतो.

ब्रॅकेटमधून ओवलेली पहिली तार मात्र वेगळी असते. तिच्यात निकेल आणि टायटॅनियम असते आणि वजनाने निम्म्याहून थोडे जास्त निकेलच असते. या धातूचा शोध अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांना १९५९ च्या सुमारास लागला. त्यांना दात सरळ करायचे नव्हते, तर क्षेपणास्त्राच्या टोकासाठी धातू हवा होता. ही तार वाकवली तरी आपला मूळ आकार लक्षात ठेवते. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आयोवा विद्यापीठातील जॉर्ज अँड्रिसन यांनी ती दातांसाठी वापरली. आता डॉक्टर ती आमच्या वाकड्या दातांवर वाकवून बसवतात. तोंडाच्या उबेने ती पुन्हा सरळ होऊ पाहते आणि जाताना दातांनाही बरोबर नेते. गार पाणी प्यायले की ती क्षणभर मऊ पडते, म्हणून तार बदललेल्या दिवशी दात ठणकत असतील तर गार पाणी प्यावे. हा आमचा स्वतःचा अनुभव आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत तारांसाठी सोन्याचा मिश्रधातू वापरत असत. हे आजीला सांगितल्यावर ती लगेच म्हणाली, "मग सोन्याच्याच लावायच्या होत्या! पुढं बांगड्यांना उपयोगी आल्या असत्या."

तर आजी म्हणते तसे निकेल खरेच सुटते का? होय, सुटते. लाळेत क्षार असतात, आपण आंबट खातो, कोला पितो, घास चावताना तार ब्रॅकेटवर घासते. त्यामुळे तो संरक्षक थर जागोजागी झिजतो आणि धातूचे अतिसूक्ष्म कण लाळेत विरघळतात. पार्क आणि शीरर या दोन संशोधकांनी १९८३ साली पूर्ण तोंडाला पुरेल एवढे साहित्य मिठाच्या पाण्यात ठेवून मोजले. दिवसाला साधारण ४० मायक्रोग्रॅम निकेल आणि ३६ मायक्रोग्रॅम क्रोमियम सुटत होते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. नंतरच्या अभ्यासांतही असे आढळले की हे सुटणे सुरुवातीच्या दिवसांत जास्त असते आणि पुढे कमी होत जाते.

याच्या तुलनेत आपण जेवणातून रोज शंभर ते तीनशे मायक्रोग्रॅम निकेल तसेही पोटात घेतो. डाळी, शेंगदाणे, काजू, ओट्स आणि चॉकलेट यांत निकेल जास्त असते. म्हणजे शेंगदाण्याच्या कुटाची आमटी आणि वर चॉकलेट असे जेवण झाले, तर तारांना मागे टाकले म्हणायचे! पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही. जेवण गिळून जाते, तार मात्र त्याच गालाला रात्रंदिवस दीड-दोन वर्षे टेकलेली असते. म्हणून पोटाचा हिशोब वेगळा आणि गालाच्या पेशींचा हिशोब वेगळा.

गालाच्या पेशींचा हिशोब कसा करतात ते आम्हाला सर्वांत आवडले. खालच्या थरातली पेशी दुभंगून दोन होते तेव्हा गुणसूत्रांची सारखी वाटणी व्हावी लागते. कधी गुणसूत्राचा तुकडा पडतो किंवा एखादे गुणसूत्र मागे राहते. ते मोठ्या केंद्रकात शिरू शकत नाही. मग ते बाजूला आपले स्वतःचे छोटेसे केंद्रक करून बसते. याला सूक्ष्मकेंद्रक म्हणतात. चंद्राशेजारी चांदणी दिसावी तसे ते दिसते. निरोगी माणसातही हजार पेशींमागे एखाद-दुसरीत असे सापडते. म्हणून तपासणारे एकेका माणसाच्या हजार-दोन हजार पेशी बसून मोजतात. त्यासाठी फक्त डीएनएलाच चढणारा खास रंग वापरतात. आम्ही वापरलेल्या मेथिलीन ब्लूमध्ये जंतूही तसेच ठिपके दिसतात, त्यामुळे शाळेत ही मोजणी करता येत नाही. दुसरीही एक परीक्षा आहे. तिच्यात विजेच्या साहाय्याने तुटलेला डीएनए पेशीबाहेर ओढतात. जेवढी मोडतोड जास्त, तेवढी मागे लांब शेपटी दिसते, म्हणून तिचे नाव कॉमेट, म्हणजे धूमकेतू. तिची आज सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत एन. पी. सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली मांडली.

तारा लावलेल्या मुलामुलींच्या पेशी या दोन्ही पद्धतींनी अनेक देशांत तपासल्या आहेत. निकाल एकसारखे नाहीत. काही अभ्यासांत तारा लावल्यावर सूक्ष्मकेंद्रके थोडी वाढलेली दिसली, काहींत काहीच फरक दिसला नाही. भारतात झालेला आणि २०११ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आम्हाला विशेष महत्त्वाचा वाटला. त्यात उपचार संपताना पेशींत वाढलेली खूण दिसली, पण तारा काढून एक महिना झाल्यावर ती पुन्हा खाली आली. हे पेशींच्या प्रवासाशी जुळते. जुने थर गळून जातात आणि त्यांच्या जागी नवे येतात. या सर्व अभ्यासांत माणसे थोडी होती, बहुतेकांत वीस-तीसच, आणि प्रत्येकाची मोजण्याची रीत वेगळी. दातांच्या तारांमुळे कॅन्सर होतो असे कोणत्याही अभ्यासाने दाखवलेले नाही.

एक गोष्ट मात्र पुष्कळ अभ्यासांत पक्की दिसते. तारा लावल्या की लाळेतले जंतू बदलतात. ब्रॅकेटभोवती घास अडकतो, किटण साठते आणि दात किडवणारे जंतू वाढतात. मग हिरड्या सुजतात, आणि सुजलेल्या हिरड्यांतून जास्त पांढऱ्या रक्तपेशी लाळेत उतरतात. ब्रॅकेट काढल्यावर काही मुलांच्या दातांवर जे पांढरे चौकोनी डाग कायमचे राहतात, ते याचेच फळ. म्हणजे काळजी करायचीच असेल तर निकेलपेक्षा ब्रशची करावी, असे आमचे मत झाले. आमच्या डॉक्टरांनी दिवसातून निदान दोनदा फ्लोराइडच्या टूथपेस्टने आणि तारेखालून छोट्या ब्रशने दात घासायला सांगितले आहे. चकली, चिक्की, फुटाणे आणि कडक लाडू बंद. यंदाच्या दिवाळीत आम्ही तिघी शंकरपाळे दुधात बुडवून खात होतो.

निकेलची खरी अडचण ज्यांना येते ते म्हणजे अ‍ॅलर्जी असलेले लोक. आमच्यापैकी एकीला स्वस्तातल्या कानातल्यांनी कानाच्या पाळीला खाज आणि पुरळ येते. आपल्याकडे बाळाचे कान सोनाराकडून सोन्याच्या तारेने टोचतात, त्याचा त्रास सहसा होत नाही. पुढे मुली बाजारातली चकचकीत कानातली घालू लागतात आणि तिथे निकेल भेटते. युरोपात १९९४ साली अशा दागिन्यांतून सुटणाऱ्या निकेलवर कायद्याने मर्यादा घातली गेली. तिने तारा लावण्याआधीच डॉक्टरांना पुरळाबद्दल सांगितले, म्हणून तिला बिननिकेलच्या, टायटॅनियम आणि मॉलिब्डेनमच्या तारा लावल्या आहेत. गंमत म्हणजे तोंडातली कातडी निकेलला बाहेरच्या कातडीपेक्षा कमी रागावते, आणि कान टोचण्याआधी ज्यांना तारा लागल्या त्यांच्यात ही अ‍ॅलर्जी कमी आढळते असेही काही अभ्यासांत दिसले आहे. पण आमचे कान तर पाळण्यात असतानाच टोचलेले!

हे सगळे वाचताना आम्हाला एक अशी गोष्ट सापडली, की ती वाचून आम्ही तिघी काही वेळ बोललोच नाही. गालाच्या पेशींतली सूक्ष्मकेंद्रके मोजण्याची ही रीत कॅनडातील हान्स स्टिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आणली, आणि १९८२ साली त्यांनी ती वापरली ती विड्याचे पान, सुपारी आणि तंबाखू चघळणाऱ्यांसाठी. त्यांच्या गालाच्या पेशींत सूक्ष्मकेंद्रके स्पष्ट वाढलेली होती. तारांच्या बाबतीत जे धूसर आहे, ते तंबाखू आणि सुपारीच्या बाबतीत अजिबात धूसर नाही. या दोन्हींमुळे तोंडाचा कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने कधीच जाहीर केले आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदीही आली.

आणि आमची आजी रोज सकाळी मिश्री लावते. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखूची पूड. ती बोटाने दातांना आणि हिरड्यांना घासतात. तिच्या आईनेही लावली, शेजारणीही लावतात. तिला ते तंबाखू खाणे वाटतच नाही, दात घासणे वाटते.

पुढच्या रविवारी आम्ही तिघींनी मिळून आजीला फोन केला. आधी तारांबद्दल सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "म्हणजे तारा काढल्या की महिन्यात पेशी सुधारतात?"

"हो, त्या अभ्यासात तरी तसंच दिसलं."

"मग ठेवा. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे."

मग आम्ही मिश्रीचा विषय काढला. ती रागावली. "माझे दात बघ, सत्तरीतसुद्धा सगळे जागेवर आहेत ते मिश्रीमुळंच. तुमचे बघा, तारांनी बांधून ठेवावे लागतात!" यावर आम्हाला काही उत्तर सुचेना. थोड्या वेळाने तिची नात म्हणाली, "आजी, तू आमच्या तारांसाठी घाबरलीस ना, तसंच आम्हाला तुझ्यासाठी भीती वाटते. आमची तार दोन वर्षांची आहे. तुझी मिश्री पन्नास वर्षांची आहे." आजी काहीच बोलली नाही. "ठेवते आता, दूध तापत ठेवलंय," एवढेच म्हणाली.

एप्रिलमध्ये मामी तिला कऱ्हाडला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. खालच्या ओठाच्या आत, जिथे मिश्री साठते तिथे, पुसून न जाणारा एक पांढरा चट्टा होता. आजीला तो दुखत नव्हता, म्हणून माहीतच नव्हता. डॉक्टरांनी त्याचा बारीक तुकडा तपासायला पाठवला. ते दहा दिवस आम्हा तिघींना फार मोठे वाटले. कॅन्सर नाही असा अहवाल आला. पण मिश्री पूर्ण बंद केली पाहिजे आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला आले पाहिजे, असे डॉक्टरांनी बजावले.

आजीने मिश्री सोडायला घेतली आहे. ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करते. पंचविसाव्या दिवशी तिने पुन्हा लावली आणि रविवारी स्वतःहून सांगितले, "डोकं फार दुखत होतं गं. तुम्हाला खोटं कशाला सांगू?" दुसऱ्या दिवसापासून तिने नव्याने मोजायला सुरुवात केली. हा अंक झेरॉक्सला जाईपर्यंत बेचाळीस दिवस झाले आहेत. हे सर्व आम्ही तिची परवानगी घेऊनच लिहिले आहे. ती म्हणाली, "लिहा. माझं नाव नका घालू, पण मिश्रीचं नाव घाला."

म्हणून वाचकांना आमची विनंती आहे. ज्यांना तारा लागणार आहेत त्यांनी घाबरू नये, पण निकेलची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगावे आणि ब्रशचा कंटाळा करू नये. आणि या उन्हाळ्याच्या सुट्टीत जे जे भारतात जाणार आहेत त्यांनी आपल्या आजी-आजोबांना, काका-मामांना एकदा विचारावे, की मिश्री, तंबाखू, गुटखा, सुपारी यांपैकी काही चालू आहे का. तोंडात तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा न जाणारा पांढरा अथवा लाल चट्टा असेल तर डॉक्टरांना दाखवायला बरोबर न्यावे. ते रागावतील. आमचीही आजी रागावली होती.

छोट्या गटातल्या कोणाला गालाच्या पेशींची आम्ही काढलेली चित्रे पाहायची असतील, तर ती वर्गाच्या मागच्या फळ्यावर लावली आहेत.

— मोठ्या गटातील तिघी